वस्तऱ्यावर पुन्हा पुन्हा गंज येतो? आधी गंजाची जागा बघा

तक्रार जवळपास नेहमी सारखीच असते. आजोबांच्या धोकटीतला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात हाताला लागलेला वस्तरा घासूनपुसून लखलखीत केला, तेलाचा हात फिरवून कपाटात ठेवला, आणि महिन्याभरात पात्यावर तेच तांबूस ठिपके. पुन्हा घासला, पुन्हा ठिपके. पावसाळा असला तर महिनाही लागत नाही. प्रत्येक फेरीत पोलाद थोडे झिजते, पात्यावरची सोनेरी अक्षरे थोडी पुसली जातात, आणि शेवटी वस्तरा चमकतो खरा, पण त्याने दाढी होत नाही.

शंभर-सव्वाशे वर्षे टिकलेले पोलाद आपल्या हातात आल्यावर चार पावसाळ्यांत घासून संपावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे. माझे सांगणे एवढेच की, गंज पुसायच्या आधी तो नेमका कुठे आला आहे ते बघा. वस्तऱ्यावर गंजाची जागाच त्याचे कारण सांगते, आणि प्रत्येक कारणाचा उपाय निराळा आहे. कारण तसेच ठेवून कितीही घासले तरी गंज परत येणारच.

बघायचे कसे

दिवसाउजेडी खिडकीपाशी बसा. वस्तरा तिरका धरला की उजेड पात्यावर आडवा पडतो आणि बारीक खड्डेसुद्धा दिसू लागतात. घड्याळजी डोळ्याला लावतात तसले दहापट मोठे दाखवणारे भिंग मिळाले तर उत्तम. वस्तरा उघडा असताना आणि मिटलेला असताना दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. मिटलेल्या स्थितीतला फोटो विशेष महत्त्वाचा आहे, कारण पात्याचा कोणता भाग मुठीत झाकला जातो आणि कोणता उघडा राहतो ते त्यात कळते.

पुढे जे शब्द येतील ते असे: पात्याची जाड कड म्हणजे पाठ, समोरची धार, मुठीजवळचा बिनधारेचा दांडा आणि त्याची वळलेली शेपटी, दांड्यातून जाणारी खीळ, आणि दोन पट्ट्यांची मूठ.

जुने वस्तरे जवळजवळ सगळे साध्या कार्बन पोलादाचे आहेत. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली या धातुतज्ज्ञाने स्टेनलेस पोलाद केले ते १९१३ साली, आणि त्यानंतरही बहुतेक कारखाने वस्तऱ्यासाठी कार्बन पोलादच वापरत राहिले, कारण त्याला बारीक धार सहज बसते. हे पोलाद पाणी आणि हवा एकत्र मिळाली की गंजते, मीठ किंवा आम्ल सोबतीला असले तर फारच लवकर. तेव्हा हे सगळे त्याला कुठून मिळते आहे, तेवढे शोधायचे.

गंज फक्त मुठीत झाकलेल्या भागावर असेल तर

दांडा आणि शेपटी स्वच्छ, पण मिटल्यावर मुठीच्या आत जाणाऱ्या पात्यावर ठिपक्यांची रांगोळी. अशा वेळी पाते सोडा आणि मूठ तपासा. वारंवार येणाऱ्या गंजाचे हे सर्वांत दुर्लक्षित कारण आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून पुढे असंख्य वस्तऱ्यांना सेल्युलॉइडच्या मुठी बसवल्या गेल्या. अमेरिकेत जॉन वेस्ली हायटने १८७०च्या सुमारास हे प्लास्टिक बाजारात आणले. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचे ते मिश्रण. हस्तिदंत, शिंग, कासवाचे कवच यांची हुबेहूब नक्कल त्यात करता येई आणि स्वस्तही पडे. पण काळाबरोबर ते आतून कुजू लागते. त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड वायू सुटतात, हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचे नायट्रिक आम्ल होते, आणि मिटलेल्या मुठीच्या अरुंद फटीत ते थेट पात्यावर बसते. तुम्ही पाते कितीही घासा, रात्री ते पुन्हा त्याच आम्लाच्या वाफेत झोपते.

ओळख अशी. कोरड्या फडक्याने मूठ जोरात चोळून गरम करा आणि लगेच वास घ्या. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. आंबूस, नाकाला झोंबणारा वास आला तर ते कुजायला लागलेले सेल्युलॉइड. इतर खुणा म्हणजे पृष्ठभागावर जाळीदार तडे, चिकटपणा, आतून ढगाळ किंवा पिवळट पडणे, आणि पितळी खिळीभोवती हिरवी पूड. कासवाच्या कवचाची नक्कल असलेल्या पारदर्शक तपकिरी मुठींना हा रोग जास्त होतो. अपारदर्शक पांढऱ्या मुठी त्या मानाने टिकतात, कारण पांढऱ्या रंगासाठी घातलेला झिंक ऑक्साइड आम्ल काही प्रमाणात शोषून घेतो.

गरम सुई टोचून किंवा काडी लावून परीक्षा करण्याचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. सेल्युलॉइड भडका उडून पेटते. याच कारणासाठी ही मूठ पॉलिशच्या चाकावर धरू नये आणि टाकून देताना जाळू नये.

वय ठरवायला दांड्यावरचा ठसा मदत करतो. अमेरिकेने १८९०च्या कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले आणि १८९१पासून ते लागू झाले. म्हणून ‘जर्मनी’ किंवा ‘इंग्लंड’ असा ठसा असलेला वस्तरा बहुधा त्यानंतरचा, म्हणजे सेल्युलॉइडच्या काळातला. हा ठोकताळा आहे, पुरावा नव्हे. त्याहून जुन्या, पाचरीसारख्या जाड शेफील्डच्या वस्तऱ्यांना बहुतेक शिंगाची मूठ असते आणि तिथे हा प्रश्नच येत नाही.

काळी मूठ असेल आणि ती हळूहळू मातकट किंवा हिरवट पडली असेल, गरम पाण्याने गंधकाचा वास येत असेल, तर ती कडक रबराची, म्हणजे एबोनाइटची. उजेड आणि ओलावा लागून त्यातल्या गंधकाचे सल्फ्युरिक आम्ल होते. परिणाम तोच.

कुजलेल्या मुठीवर उपाय नाही. वार्निश, मेण, तेल यांनी वायू थांबत नाहीत. पाते वाचवायचे तर मूठ काढावीच लागते. खिळीचे डोके बारीक कानशीने घासा, वायसर सुटला की मागून हलक्या हाताने खीळ ठोकून काढा. मूठ तडकलेली असेल तर ठोकण्याऐवजी खीळ छोट्या ड्रिलने पोखरून काढलेली बरी. नव्या मुठीसाठी शिसवाच्या दोन पातळ पट्ट्या पुरेशा आहेत, कोणताही चांगला सुतार कापून देतो. खिळीसाठी साधारण १.६ मिलिमीटर जाडीची पितळी तार लागते, आणि ती दोन्ही टोकांनी ठोकून फुलवण्यासाठी सोनाराची छोटी ऐरण आणि हातोडी यांच्यासारखे दुसरे साधन नाही. ओळखीचा सोनार असेल तर त्याच्याकडूनच हे काम करून घ्या. खरे सांगायचे तर घरी ठोकताना बहुतेकांकडून मुठीला तडा जातो.

काढलेली सेल्युलॉइडची मूठ आठवण म्हणून ठेवायची असेल तर ती हवेशीर जागी, इतर वस्तऱ्यांपासून लांब ठेवा. एका डब्यात दहा वस्तरे असतील आणि एकाची मूठ कुजत असेल तर बाकी नऊ पातीही गंजतात. डबा उघडल्यावर आंबूस वास आला तर प्रत्येक मूठ वेगळी तपासल्याशिवाय डबा बंद करू नका.

मूठ खऱ्या हस्तिदंताची निघाली तर एक सावधगिरी. भारतात हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी मनाई आहे. बाजारात असा वस्तरा घेऊ नका, घरातला असला तर विकायला काढू नका.

ठिपके पूर्वीच्याच जागी येत असतील तर

पहिल्या फोटोशी ताडून बघा. नवे ठिपके जुन्या ठिपक्यांवरच बसले असतील तर गंज तिथून कधी गेलाच नव्हता. वरचा थर निघाला, पण खड्ड्याच्या तळाशी गंज राहिला. गंज सच्छिद्र असतो. तो ओलावा धरतो आणि त्याच्याखाली घामाचे, पाण्याचे क्षार अडकून बसतात. पॉलिश पेपर खड्ड्याच्या काठांवरून जातो, तळाला शिवत नाही. उलट पॉलिशची पांढरी पेस्ट खड्ड्यात भरून बसते आणि दोन दिवस सगळे स्वच्छ दिसते.

इथे लोक जास्त दाब देतात, जाड पेपर घेतात आणि खड्डे संपेपर्यंत पोलाद घासतात. ते करू नका. खोलगट घासलेल्या जर्मन पात्याचा धारेमागचा भाग मिलिमीटरच्या काही दशांशांइतकाच जाड असतो. तिथे खड्डा संपेपर्यंत घासणे म्हणजे पाते संपवणे.

उपाय पाण्याचा आहे आणि तो बंदुका काळ्या करणाऱ्या कारागिरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. लाल गंज पाण्यात उकळला की त्याचे काळ्या, घट्ट बसणाऱ्या ऑक्साइडमध्ये, म्हणजे मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर होते, आणि खड्ड्यातले क्षारही पाण्यात उतरतात. मूठ काढलेली असायलाच हवी. पाते भांडी घासायच्या साबणाने धुऊन तेलकटपणा काढा. खड्ड्यांतला सुटा गंज बांबूच्या टोकदार काडीने तेल लावून उकरा. काडी पोलादाला ओरखडत नाही. मग खिळीच्या भोकातून तार ओवून पाते डिस्टिल्ड वॉटरमध्ये लटकवा, धार भांड्याला लागू देऊ नका, आणि दहा-पंधरा मिनिटे उकळा. बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी मिळते ते चालते, मात्र आम्ल नव्हे, पाणीच आहे ना हे बाटलीवर वाचून घ्या. पाणी ओतून द्या, भांडे पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

बाहेर काढल्यावर ठिपके काळे झालेले दिसतील. सुती फडक्याने किंवा सर्वांत बारीक स्टील वूलने काळी पूड पुसा. कुठे लाल दिसले तर पुन्हा उकळा. लाल दिसायचे थांबले की काम झाले. पाते गरम असतानाच पुसून तेल लावा.

उकळल्याने पोलादाचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरेल अशी भीती अनेकांना वाटते. ती अनाठायी आहे. वस्तऱ्याचे पोलाद कडक केल्यावर साधारण दीडशे ते दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून मुरवलेले असते. उकळत्या पाण्याचे शंभर अंश त्याला काही करत नाहीत. धोका आहे तो फिरत्या दगडाचा. सायकलवर बसवलेल्या चाकावर विळी-सुरी छान निघते, पण वस्तऱ्याची पातळ कड तिथे क्षणात दोनशेच्या पुढे जाते. कड सव्वादोनशेच्या सुमारास फिकट पिवळी आणि तीनशेच्या आसपास निळी दिसते. निळा रंग पॉलिशने जातो, गेलेला कडकपणा परत येत नाही. तिथली धार मग मऊच राहते.

काळे डाग राहतील. राहू द्या. ते पोलादाला धरून बसलेले आहेत आणि त्यांच्यावर लाल गंज सहजी चढत नाही. ज्यांना चमक हवी त्यांनी उकळून झाल्यावर लाकडी पट्टीवर गुंडाळलेला ६०० चा वॉटर पेपर, मग १०००, मग २००० असा क्रम घ्यावा, पाण्याऐवजी तेल लावून. पाते सपाट लाकडावर पूर्ण टेकलेले हवे, धारेवर चिकटपट्टी हवी, आणि हाताची दिशा पाठीला समांतर हवी. ब्रासो शेवटी चालते. सोनेरी अक्षरांवर मात्र काहीच चोळू नका. तो सोन्याचा अतिपातळ थर असतो, फडक्याच्या दहा-वीस फेऱ्यांत जातो. तिथे तेल आणि मऊ कापूस एवढेच.

आम्लाबद्दल एवढेच सांगतो. तांब्या-पितळेची भांडी आपण चिंच, लिंबू, मीठ लावून घासतो, म्हणून वस्तराही व्हिनेगरात किंवा लिंबाच्या पाण्यात बुडवून ठेवण्याचा मोह होतो. गंज निघतो हे खरे. पण आम्ल गंजाबरोबर पोलादही खाते, सगळ्यात आधी सगळ्यात पातळ भाग, म्हणजे धार. पाते करडे पडते, ठसे पुसट होतात, आणि कडक पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होण्याचा धोका असतो. मिठाचा अंशही खड्ड्यात गेला तर पुढच्या गंजाची सोय आपणच केली असे होते.

गंज खिळीपाशी असेल तर

कारण सरळ आहे. धुताना पाणी खिळीच्या फटीत शिरते आणि फडके तिथे पोहोचत नाही. उघडताना करकर वाजते, कधी तांबडे पाणी बाहेर येते. शिवणाचा जाड दोरा शिलाई मशीनच्या तेलात भिजवून फटीतून पुढेमागे ओढा. दोरा स्वच्छ निघेपर्यंत नवा नवा दोरा घ्या. मग तेलाचा एक थेंब सोडून वस्तरा दहा-बारा वेळा उघडमीट करा. पुढच्या वेळी पात्याचा धारेचा भागच पाण्याखाली धरा, खीळ कोरडी राहू द्या. एवढ्यानेही करकर थांबली नाही तरच खीळ काढायच्या भानगडीत पडा.

गंज धारेच्या रेघेवर असेल तर

धार डोळ्याला स्वच्छ दिसते, पण भिंगातून कडेला तांबूस धूसर रेघ दिसते. किंवा तीही दिसत नाही, फक्त चांगली लावलेली धार चार दिवस ठेवल्यावर ओढते, खुपते. वस्तऱ्याच्या धारेची जाडी मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही आत असते. इतक्या बारीक कडेला बिघडायला डोळ्यांना दिसेल एवढा गंज लागत नाही.

दाढीनंतर साबणाचा फेस धुऊन पाते घडी घातलेल्या मऊ कागदाने पाठीकडून धारेकडे पुसा. धारेच्या लांबीने कधीच पुसू नका, कागद आणि बोट दोन्ही कापेल. मग चामड्याच्या पट्ट्याच्या मागे कापडी पट्टा असतो त्यावर पाच-दहा हात, आणि चामड्यावर तेवढेच. हे धार लावण्यासाठी नाही, कडेवरचा उरलेला ओलावा टिपण्यासाठी आहे. मग वस्तरा उघडाच ठेवा, तासाभराने मिटवा. रोज दाढी करत असाल तर तेलाची गरज नाही. दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा असेल तर तेल हवेच.

आणि वस्तरा न्हाणीघरात ठेवू नका. गरम पाण्याची वाफ तिथे रोज असते. ही साधी गोष्ट आहे, तरी अर्ध्याअधिक तक्रारी तिथेच संपतात.

रात्रीत सगळ्या पात्यावर तांबूस धूसरपणा आला तर

हा नवा, वरवरचा गंज. नुकतेच घासलेले पोलाद उघडे असते आणि त्यावर पाण्याचा थर सुकला की तासाभरातही तांबूस झाक येते. पाणी मचूळ असेल तर आणखी लवकर. कोकणात किनाऱ्यालगतच्या विहिरींना उन्हाळ्यात मचूळ पाणी येते, त्याने वस्तरा धुऊ नये. आम्ल वापरले असेल तर त्याचे अवशेष हेही कारण असते. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, मग डिस्टिल्ड वॉटरने, केस वाळवायच्या यंत्राने वाळवा आणि लगेच तेल लावा. मधे चहा पिऊन यायलाही थांबू नका.

ठिपके बोटांच्या आकाराचे असतील तर ते घामाचे आहेत. तेल लावून झाल्यावर पात्याला उघड्या बोटाने हात लावू नका.

तेल कोणते, ठेवायचे कुठे

घरात खोबरेल असते म्हणून तेच लावले जाते. काही न लावण्यापेक्षा ते बरे, पण जुने झाल्यावर ते खवट होते, म्हणजे त्यात आम्ल तयार होते. जवस आणि करडईच्या तेलाचा तर हवेत सुकून चिकट थर होतो, आणि तो थर काढताना पुन्हा घासावे लागते. शिलाई मशीनचे तेल किंवा औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन घ्या. दोन्ही खनिज तेले आहेत, खवट होत नाहीत, सुकत नाहीत. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला चांगले आहे, पण त्याचा थर पातळ असतो. त्याच्यावर भरवसा ठेवून पावसाळा काढू नका, वरून तेल लावा.

चामड्याचे सुरेख म्यान मिळाले तरी वस्तरा त्यात कायमचा ठेवू नका. चामडे कमावताना वापरलेली रसायने आणि चामड्याने शोषलेला ओलावा दोन्ही पात्याला वाईट. मखमलीचे अस्तर, फोम, नव्या कच्च्या लाकडाची किंवा प्लायवूडची पेटी, यांचेही तेच. प्लायवूडमधून आम्लधर्मी वाफा बराच काळ निघत असतात. मला विचाराल तर घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, त्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि प्रत्येक वस्तरा तेल लावून मेणकागदात गुंडाळलेला, याहून चांगली सोय नाही. हवेतला दमटपणा साठ टक्क्यांच्या वर गेला की पोलाद झपाट्याने गंजू लागते, आणि जून ते सप्टेंबर मुंबई-कोकणात तो त्याच्या बराच वर असतो. रंगीत सिलिका जेल निळ्याचे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेने परतून पुन्हा वापरता येते. खिडकी उघडी ठेवा, आणि तो तवा पुन्हा भाकरीला घेऊ नका.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी डबा उघडून बघा. एक पूर्ण पावसाळा नवा लाल ठिपका न येता गेला तर कारण खरेच सापडले असे समजा.

गंज थांबला, पण धार बसत नाही

ही दुसरी मोठी तक्रार, आणि ती पहिल्याचीच पुढची पायरी आहे. १००० ग्रिटच्या दगडावर (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक) धार छान लागते, ४००० वरही ठीक, आणि ८००० वर नेली की कडेला बारीक दात पडतात. माणूस पुन्हा १००० वर जातो, पुन्हा तेच. दगड बदलतो, पट्टा बदलतो. दोष त्यांचा नसतो. जुना खड्डा धारेपर्यंत पोहोचलेला असतो. जाड धारेत तो दिसत नाही, धार बारीक होत गेली की खड्ड्यापाशी पोलाद उरतच नाही आणि तेवढा तुकडा तुटतो.

भिंगाखाली दात नेहमी ठरावीक जागी पडतात का ते बघा. फिरत्या जागी पडत असतील तर तुमचा दाब जास्त आहे किंवा दगड सपाट नाही. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखा, काचेवर ठेवलेल्या जाड वॉटर पेपरवर पाणी टाकून दगड घासा. चौकटी सगळीकडून सारख्या पुसल्या गेल्या की तो सपाट झाला. दात ठरावीक जागीच असतील तर धार मागे न्यावी लागेल. वस्तरा दगडावर उभा धरून, धार खाली करून, अगदी हलक्या हाताने ओढायचा, कडेवर खड्डे दिसेनासे होईपर्यंत. बघायला जिवावर येते, पण रोज थोडे थोडे तुटत राहण्यापेक्षा एकदाच केलेले बरे. मग १००० वर नव्याने उतार, म्हणजे धारेलगतची तिरकी बाजू, बसवायचा, ४०००, ८०००, जमल्यास १२०००, आणि शेवटी पट्ट्यावर कापडाचे वीस आणि चामड्याचे चाळीस-पन्नास हात.

किती मागे न्यायचे याला मर्यादा आहे, कारण वस्तऱ्यात कोन पाठ ठरवते. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवूनच धार लावतात. १६ मिलिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर जाड पाठीच्या पात्याचा कोन साधारण १८ अंश येतो. धार एक मिलिमीटर मागे गेली की तो १९ च्या वर जातो. हे चालते. तीन-चार मिलिमीटर न्यावे लागणार असेल तर पाते खोलगट भागाच्या जाड अंगात पोहोचते, उतार रुंद होतो, आणि वस्तरा दाढीला जड पडतो. अशा वेळी मी धारेचा नाद सोडायला सांगेन. गंज थांबवा, काळे डाग ठेवा, तेल लावा, आणि घरातली वस्तू म्हणून जपा. कोन कमी करण्यासाठी पाठ घासून पातळ करणे हा प्रकार मात्र कधीच करू नका.

खड्डे फक्त टोकाशी किंवा दांड्याजवळच्या कोपऱ्यात असतील तर सगळी धार मागे न्यायची गरज नाही. त्या कोपऱ्याला दगडावर थोडी गोलाई द्या. मधली धार जशीच्या तशी राहते.

पहिल्या दाढीआधी

जुना वस्तरा कुणाच्या गालावर फिरला आहे ते आपल्याला माहीत नसते. सलूनमध्ये आता दर गिऱ्हाइकाला नवे अर्धे ब्लेड घालतात ते रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या भीतीने, आणि ती भीती रास्त आहे. साबणाने धुतलेले, गंजमुक्त पाते ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दहा मिनिटे बुडवा. फक्त पाते. सेल्युलॉइडच्या मुठीला अल्कोहोल लागू देऊ नका, आणि अॅसिटोन तर मुळीच नाही, ती विरघळते. फरशी पुसायचे ब्लीच वापरू नका. त्यातला क्लोरीन कार्बन पोलादावर काही मिनिटांत खड्डे पाडतो आणि वरचा सगळा खटाटोप पाण्यात जातो.

गंजामुळे धनुर्वात होतो असे घरोघरी सांगितले जाते. धनुर्वाताचे जिवाणू मातीत, शेणात असतात, गंज त्यांना जन्म देत नाही. पण माळ्यावर, गोठ्यात, जुन्या पेटीत वर्षानुवर्षे पडलेल्या वस्तऱ्याच्या खड्ड्यांत ती माती असू शकते. स्वच्छ करतानाच हात कापण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, तेव्हा धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षे होऊन गेली असतील तर काम सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या.